बोलेरोतला डावा खण

१२ जानेवारी २०२५, रविवार

मधली सीट निघाली एकदाची! चार बोल्ट, चारही गंजलेले. दोन निघाले, एक तुटला, एकाला ग्राइंडर लावावा लागला. माझ्या अंगठ्याचं सालपट गेलं ते वेगळंच.

सीट अंगणात ठेवली. अल्का बाहेर आली आणि त्याच सीटवर उन्हात बसली. डोक्याला रुमाल, अंगात माझा खाकी स्वेटर. चौथ्या किमोला आज नऊ दिवस झाले. म्हणते, "एकतीस वर्षं सायब लोकाइले बसवलं मांगं. आता मी बसाची पारी आली तं सीटच काढून टाकली?"

मी म्हणालो, तू मागे बसणार नाहीसच. तू माझ्या बाजूला. मागे खण होतील, खणांवर फळी, फळीवर आपण झोपायचं.

"पाय पुरतीन का?"

पुरतील. मोजलं आहे. सहा फूट एक इंच.

"तुमचे पुरले म्हंजे झालं. मी तं आता बोटभरच राहिली," असं म्हणून हसली. मला नाही हसू आलं.

१३ जानेवारी

वनखात्यात ड्रायव्हर होतो तेव्हा रोज लॉगबुक लिहायचो. किती किलोमीटर, किती डिझेल, कोण साहेब, कुठल्या फाट्यावर किती वेळ. रिटायर झालो तरी हात थांबत नाही. म्हणून ही वही. कोणी वाचायचं काम नाही.

हे खणांचं वेड कुठून लागलं ते एकदा लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी पोरीकडून, खुशबूकडून, रायपूरहून परत येत होतो. कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो. तिथे कर्नाटकची एक उंच जीप उभी. आमच्याच वयाचं जोडपं. त्या माणसानं मागचं दार उघडलं, एक कडी दाबली अन् सर्र करून आख्खा खण बाहेर! त्यात शेगडी, डबे, ताटल्या, चमचे — ज्याचं त्याचं घर ठरलेलं. ढाब्याचा चहा समोर उकळत होता आणि ती बाई स्वतःच्या खणात चहा करत होती!

अल्का जाऊन उभीच राहिली. त्या बाईनं तिला खण दोन-तीनदा आत-बाहेर करू दिला. ते लोक स्पितीहून आले होते. मोबाइलवर फोटो दाखवले — बर्फ, अन् मातीचं हजार वर्षं जुनं विहार.

गोंदिया येईपर्यंत अल्काच्या डोक्यात तेच होतं. फुलचूरचं वळण आलं तेव्हा एकदम म्हणाली, "डावा खण माझा. उजवा तुमचा."

बस. रिटायर झालो तशी जुनी बोलेरो घेतली, फोर-बाय-फोर. गाडी दारात आली आणि दोन महिन्यांत अल्काचं पोट फुगायला लागलं.

डॉक्टर म्हणतात सहा किमो होऊ द्या, जून धरा. जूनमध्येच तिकडचे रस्ते उघडतात. म्हणजे मार्चपर्यंत खण झालेच पाहिजेत.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर खणांवरून भांडण. चांगलं वाटलं. कितीतरी दिवसांनी ती भांडली.

तयार मिळतात ते अ‍ॅल्युमिनियमचे. हलके, देखणे, पण मापं सगळी दुसऱ्याच गाड्यांची. आपल्या बोलेरोत बसवायचे तर चाकाच्या कमानीवर अर्धे लटकतील. लोखंडी करायचे तर वेल्डर आठ दिवसांत देईल — पण नुसता सांगाडाच साठ किलो! मागे एवढं वजन टाकलं की चढावर गाडी नाक वर करते. मला कोणी शिकवायची गरज नाही, नागझिऱ्यात उगीच नाही एवढी वर्षं काढली. राहिलं प्लायवुड.

अल्काचा निकाल तर पाच मिनिटांत झाला होता. "लोखंड वाजते. तिकडं एवढी शांती राहीन, अन् आपले खण ढणढण करत जातीन? लाज नाई वाटणार?"

मग उंचीवर अडलं. मी म्हणालो दहा इंच, म्हणजे फळीवर तुला उठून बसता येईल, डोकं लागणार नाही. तिला पाहिजेत चौदा, कारण कुकर उभा राहिला पाहिजे. मी म्हणालो कुकरसाठी काय वाकून बसणार का? ती म्हणाली, "मग काय कुकर आडवा झोपवू का तुमच्यासारखा?" शेवटी बारा इंचांवर मिटलं. कुकरची शिट्टी काढून वेगळी ठेवायची.

खण ज्यावर सरकतो त्या चॅनलचं मात्र मी ऐकलं नाही. लॉक दोन्हीकडून पाहिजे. आत गेला तरी अडकला पाहिजे, बाहेर आला तरी अडकला पाहिजे. उतारावर भरलेला खण सुटला तर नडगी फोडतो.

२६ जानेवारी

कामठ्याला गेलो. चुन्नीलाल बिसेन. आमच्या घराची दारं त्याच्या बापानं केली, आमचा दिवाण त्यानं केला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आत वाकून पाहिलं अन् म्हणतो, "रत्नपालभाऊ, दिवाण घरात ठेवतेत. गाडीत कायले पायजे?"

सगळं समजावलं. मान हलवत राहिला. मग चाकाच्या कमानीवरून हात फिरवला. "हे वाकडं हाय जी. पट्टीनं माप नाई येत. कागदाचा फर्मा पायजे."

अल्का गाडीत पुढेच बसून होती, तिथूनच ओरडली, "फर्मा मी कापून देते! तीस वर्षं काय करून राहिली मी?"

चुन्नीलाल हसला. "वहिनी, गाडीले ब्लाउज शिवता का?"

"शिवीन! तू फक्त कागदाच्या बाहेर जाऊ नको."

४ फेब्रुवारी

आज कापला तिनं फर्मा.

आमची समोरची खोली म्हणजे तिचं दुकान. दोन मशिनी — एक तिची, एक नीतूची. नीतू अकरा वर्षं झाली इथे शिवते आहे. भिंतीवर खिळ्याला सगळ्या मोहल्ल्यातल्या बायांचे कागद टांगलेले, एकेकीच्या नावानं. माझी चेष्टा ठरलेली — एवढ्याशा अर्ध्या कागदात पुरी बाई मावते कशी? तिचं उत्तरही ठरलेलं. "तुमाले नाई समजत. गाडी पुसा."

आज ती गुडघ्यांवर बोलेरोत चढली. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, खाकी कागदाचं भेंडोळं. मी हात द्यायला गेलो तर हाकललं. गोळ्या आणायला बाजारात पाठवलं. परत आलो तोवर फर्मा तयार, गुंडाळून वर कापडाची पट्टी बांधलेली. चुन्नीलाल येऊन कागद अन् गाडी दोन्ही घेऊन गेला.

घामानं भिजली होती. येऊन पडली. डोळे मिटूनच म्हणाली, "मी दोनी बाजूनं बोटभर जागा सोडली. आतून गालिचा लावू. मंग वाजणार नाई."

एवढी दमलेली अन् एवढी खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

८ फेब्रुवारी

पुन्हा पोट फुगलं. जेवण नाही.

११ फेब्रुवारी, नागपूर

भरती केलं. पाणी काढलं, चार लिटर. बाटल्या मोजत बसलो.

संध्याकाळी एकदम म्हणाली, "आयका ना. मी नाई आली तरी तुमी जासाल."

मी म्हणालो, मूर्खासारखं बोलू नको.

"चायपत्ती कुठं राहते तेवढं सांगून ठेवीन."

मी उठून बाहेर गेलो. जिन्यात उभा राहिलो. मला असं बोलणं सहनच होत नाही. म्हणजे भांडता येत नाही त्यावर.

२० फेब्रुवारी, नागपूर

चुन्नीलालचा फोन. "वहिनी कशा हायत?" बरी आहे. "काम चालू हाय जी. कागदापरमानंच करून राहिलो." मग गप्प. मी म्हणालो बोल ना. "नाई, काई नाई. कागदापरमानंच करू ना?" मी चिडलो. कागदाप्रमाणे नाही तर काय तुझ्या मनाप्रमाणे करशील? फोन ठेवला.

३ मार्च, नागपूर

आता किमो देत नाहीत. घरी न्या, म्हणाले. डॉक्टर तरुण आहे. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता, फाइलकडे पाहत होता. तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. फक्त म्हणाली, "घरी जाऊन राहिलो ना? बरं झालं. इथचा चाय चाय नोहे."

५ मार्च, बुधवार

घरी आलो. दुपारी चुन्नीलाल गाडी घेऊन आला.

मागचं दार उघडलं. एकच खण.

उजव्या बाजूला, माझ्या बाजूला, एक खण. त्यावर एक फळी, एकवीस इंच रुंद. डावीकडे नुसता गाडीचा पत्रा. काम सुरेख! बोट फिरवलं तर कुठे कुसळ नाही. चॅनल दोन्हीकडून अडकतं. पण एक!

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दुसरा कुठे आहे? तो मागे सरकला. "कागदात एकच होता जी. एकच खण, एकाच माणसाची फळी. मी पण म्हटलं असं कसं. म्हणूनच तं फोन केलता तुमाले... पण असं कसं विचारू, भाऊ? मी समजलो का वहिनीनं..." त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

तो गेला. मी बोनेटला टेकून उभा राहिलो.

म्हणजे फर्मा कापला तेव्हाच तिनं ठरवलं होतं. बाजारात गोळ्या आणायला पाठवून माझ्यामागे स्वतःचा खण कापून टाकला. मला सांगणं नाही, मला विचारणं नाही! चुन्नीलालला कळलं, मलाच नाही. आणि वर खूश होऊन झोपली.

एवढा राग मला तिचा आयुष्यात आला नाही.

७ मार्च

सकाळी पेज दोन चमचे. मग विचारलं, "खण बसले का बरोबर?"

मी म्हणालो, बसले.

हसली. चांगली हसली. जिंकल्यासारखी. मी वाटी घेऊन उठलो.

"दाखवा ना. उचलून नेसाल तं दिसन मले."

ऊन फार आहे. उद्या.

९ मार्च

गाडीवर ताडपत्री टाकली. मला बघवत नाही.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा उद्या म्हणालो. तिला तिथे उचलून नेऊन काय करायचं? दोघांनी त्या एका फळीकडे पाहायचं? आणि मग मी काय बोलायचं — छान केलंस? खुशबू आली आहे. ती म्हणते, "बाबा, आईशी बोला ना काही. नुसते बसून राहता." काय बोलू? जे बोलायचं ते तोंडाशी येतं आणि मी गिळतो. मरणाऱ्या बाईशी भांडू का?

१२ मार्च

आज हट्टच धरला. आवाज बसला आहे, कान तोंडाजवळ न्यावा लागतो. "दाखवू नोका. आवाज तं आयकू द्या. खण वाजते का नाई, पाहू द्या मले."

खुशबूनं तिची खाट खिडकीला लावली. मी बाहेर गेलो. ताडपत्री वर केली, दार उघडलं, कडी दाबली. खण सर्रकन बाहेर आला. खट् अडकला. परत आत ढकलला. खट्. खरंच वाजत नाही तो. बोटभर जागा, आत गालिचा. बरोबर होतं तिचं.

आत आलो तर ती अजून खिडकीकडेच पाहत होती. कान तिकडेच.

"झालं?" म्हणाली.

झालं.

बराच वेळ तशीच होती. मग डोळे मिटले.

१६ मार्च, रविवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. अल्का गेली.

२३ मार्च

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी येऊन गेले. मोहल्ल्यातल्या बाया रडल्या. अर्ध्याजणींच्या अंगात तिनं शिवलेलेच ब्लाउज होते.

सगळे गेल्यावर खुशबू म्हणाली, "बाबा, जूनमध्ये जा तुम्ही. आईची इच्छा होती."

मी तिला गाडीपाशी नेलं, ताडपत्री ओढून काढली, दाखवलं. बघ तुझ्या आईची इच्छा. एकट्याची सोय करून गेली. मी कुठेही जाणार नाही. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण बोलून गेलो होतो.

२ एप्रिल

चहापत्ती सापडली नाही. बिना चहाचा बसलो. मग सापडली, समोरच होती.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी विहाराचे झेंडे अल्का शिवायची, यंदा नीतूनं शिवले. मी पांढरा शर्ट घालून रॅलीत चाललो. लोक हात हातात घेऊन काहीबाही बोलत होते. सगळ्यांना एकच विचारायचं होतं — गाडीचं काय केलं?

ठरलं. विकतो. देवरीचा एक माणूस आहे, त्याला खणासकट पाहिजे. एकट्यानंच फिरतो म्हणे. मग त्याला बरोबरच बसेल.

एवढ्या दिवसांनी इथे खरं लिहितो. मला राग याचा नाही की तिनं खण एकच केला. राग याचा आहे की तिला माहीत होतं, आणि तिनं मला महिनाभर एकट्यालाच आशा करू दिली.

२६ एप्रिल

चुन्नीलाल येऊन उरलेलं सामान देऊन गेला. दोन चॅनल, गालिच्याचा तुकडा, अन् तिचा फर्मा, तसाच गुंडाळलेला. फर्मा दुकानात इतर कागदांत टाकला. पाहिला नाही. नीतू उद्या येऊन सगळे कागद घेऊन जाणार आहे, आता ती घरीच शिवते. देवरीचा माणूसही उद्याच येतो.

२७ एप्रिल, रविवार

नीतूनं फर्मा उलगडला. म्हणाली, "काका, हा तं अर्धा हाय."

मी म्हणालो, माहीत आहे. एकट्याचाच आहे.

"नाई जी काका. ह्या काठाच्या दोन रेघा पाहा. काकू घडीवर दोन रेघा मारे. आमी सगळे कागद अर्धेच कापतो. कापड दुहेरी घडी करून त्यावर ठेवाचं, कापाचं, मंग उघडाचं."

पेन्सिलीच्या दोन रेघा. तीस वर्षं मी त्याच अर्ध्या कागदांची चेष्टा केली, आणि मलाच आठवलं नाही!

नीतूनं पेपरची दुहेरी घडी घातली, वर फर्मा ठेवला, कापला, उघडला. मी तो नेऊन गाडीत धरला. या कमानीपासून त्या कमानीपर्यंत, दोन्हीकडे बोटभर जागा सोडून, बरोबर बसला. दोन खण. दोन माणसांची फळी.

येणार होती ती. अल्का येणार होती.

अकरा दिवस माझ्यासमोर होती आणि मी तोंड फिरवून बसलो. त्या दिवशी खिडकीशी कान लावून पडली होती. एकच खण वाजला. ती दुसऱ्याची वाट पाहत होती.